संकटाचा निरोप ओळखा

आमच्या कळंब तालुक्यात तीन संकटे पाठोपाठ येतात. वैशाखात ऊन, मृगात वीज आणि पुढे पूर. ही संकटे आपल्याला थांबविता येत नाहीत. पण येण्यापूर्वी ती निरोप धाडतात. निरोप ओळखून जो हलतो, तो वाचतो.

पहिले ऊन. वावरात काम करताना डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात. हा उन्हाचा निरोप. काम सोडा, सावलीत या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. माणूस बरळू लागला, तर ऊन लागले असे समजा. अंगावर ओले फडके ठेवा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुसरी वीज. तिचा निरोप म्हणजे गडगडाट. वीज चमकली की सावकाश आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्के घर गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पाऊस आला की आपण धुऱ्यावरच्या झाडाखाली धावतो. अंग कोरडे राहते, पण जीव जातो. उंच झाडावर वीज पडते आणि तेथून खालच्या माणसाच्या अंगात शिरते. घर दूर असेल, तर झाडापासून व तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. सगळे एका जागी गोळा होऊ नका.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला शेणात पुरू नका, त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भरभर दाबत राहा. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.

तिसरा पूर. गावात ऊन असते, पण वरच्या अंगाला पाऊस झालेला असतो. चक्रवती नदी असो की गावचा नाला, पाणी एकाएकी गढूळ झाले, काडीकचरा वाहत आला, की मागून लोंढा येत आहे. त्यात बंडी घालू नका. गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलते. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. माणसे अडकली. त्यांच्यासाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली.

आता निरोप अक्षरांतही येतो. पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर विजेचा इशारा देते. तुम्ही वाचायला शिकलात. इशारा वाचा, आणि शेजारच्या वावरात हाक मारा. तिथला माणूस अजून वाचायला शिकलेला नसेल.

सांगा पाहू :
१. वीज चमकताना झाडाखाली का उभे राहू नये?
२. नाल्याला लोंढा येणार, हे कशावरून ओळखाल?