परीक्षकांस उत्तर : शास्त्रीय इंग्रजी आणि मराठी वाक्यघडण

संशोधन-नियतकालिकाकडे पाठविलेला लेख परीक्षकांच्या अभिप्रायांसह परत आला, की लेखकास प्रत्येक आक्षेपाचे उत्तर लिहावे लागते. हे उत्तर बहुधा इंग्रजीत असते. आणि मराठीभाषक लेखक ते मनात मराठीत जुळवीत असेल, तर त्यातील दोष केवळ भाषासौष्ठवाचा राहत नाही. प्रसंगी विधानच उलटे होते.

‘शंका’ हा शब्द घ्यावा. ‘तापमान वाढले असावे अशी शंका आहे’ या वाक्यात तापमान वाढल्याचा संभव सुचविलेला असतो. त्याचेच ‘वुई डाउट दॅट द टेंपरेचर रोझ’ असे इंग्रजी केले, की तापमान वाढले असे लेखकास वाटत नाही, असा अर्थ निघतो. येथे ‘सस्पेक्ट’ हवे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे परीक्षकास भाषेचा संशय येत नाही. त्यास लेखकाचा युक्तिवादच विसंगत वाटतो.

‘जे नमुने दूषित झाले होते ते वगळले’ या वाक्यातील ‘जे–ते’ ही जोडी मर्यादा स्पष्ट करते. इंग्रजीत तेच काम बरेचसे स्वल्पविरामाच्या अभावावर सोपविलेले आहे. ‘द सॅम्पल्स दॅट वेअर कंटॅमिनेटेड वेअर एक्स्क्लूडेड’ म्हणजे दूषित तेवढेच वगळले. ‘दॅट’ऐवजी ‘विच’ घालून त्या उपवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम दिले, तर सर्वच नमुने दूषित होते व सर्वच वगळले, असा अर्थ होतो. मग निष्कर्ष काढले कशावरून, हे परीक्षकाने विचारले तर त्यास दोष देता येत नाही. मराठी लेखनात स्वल्पविराम पुष्कळदा श्वासाच्या सोयीने पडतो. आशयाचा एवढा भार त्यावर क्वचितच असतो.

उपपदांचा घोळ सर्वपरिचित आहे, परंतु गणितात तो महागात पडतो. ‘समीकरणाची उकल मिळाली’ हे मराठी वाक्य उकल एकच की अनेकांपैकी एक, याविषयी मौन पाळते. इंग्रजीस ते मौन परवडत नाही : ‘अ सोल्यूशन’ने अस्तित्वाचा, तर ‘द सोल्यूशन’ने एकमेवतेचाही दावा होतो, आणि त्याची सिद्धता मागितली जाते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीचे होते; त्यावर झालेल्या टीकेची येथे उलट्या बाजूने आठवण होते.

काळाविषयी थोडक्यात. प्रयोगात जे केले ते साध्या भूतकाळात लिहावे. ‘गतवर्षी मोजले आहे’ हे मराठीत खपते, पण ‘हॅव मेझर्ड लास्ट इयर’ इंग्रजीत खपत नाही. लेखातील दुरुस्ती मात्र ‘वुई हॅव रिव्हाइज्ड’ अशी पूर्ण वर्तमानकाळात सांगून पृष्ठ व ओळ द्यावी. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ या कार्यालयीन वळणाचे ‘विल बी रिव्हाइज्ड’ झाले, तर दुरुस्ती अद्याप झालेली नाही, असेच संपादक समजतो.