तांबड्या रश्श्याशेजारी काय ठेवावं

लेकीचं लग्न ठरल्यावर व्याही मंडळी पहिल्यांदा आमच्या कोल्हापूरच्या घरी जेवायला आली, त्या रात्रीची ही गोष्ट. मटण आई करणार हे ठरलेलंच होतं. तिचं वय चौऱ्याहत्तर, पण चुलीपुढं आली की कुणाला लुडबूड करू देत नाही. सकाळी सातला रांग लावून मी बकऱ्याचं दोन किलो मटण आणलं. तिनं ते हळद, मीठ, आलं-लसूण लावून अळणी, म्हणजे बिनतिखटाचं, शिजवलं. त्या पाण्याचे दोन वाटे केले. एकात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा, दुसऱ्यात वर्षाची चटणी घालून तांबडा. सुकं वेगळं. दुपारी तीनला पातेल्यावर कट आला तेव्हा तिनं मला बोलावून दाखवला.

माझ्या वाट्याला पेयांचं काम होतं. व्याही नाशिकचे, म्हणून त्यांच्या गावची वाईन ठेवावी असं मनात आलं. दुकानदारानं लाल, ओकच्या पिपात मुरवलेली, दुकानातली सर्वांत महाग बाटली हातात दिली. मटण म्हटलं की लालच, असं त्यानं सांगितलं आणि मी ते मानलं. बायकांसाठी थंडगार कोला आणला.

व्याह्यांनी तांबड्याचा भुरका मारला आणि त्यावर वाईनचा घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला. दुसऱ्या घोटाला तोंड कडू झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. विहीणबाईंनी कोला प्यायला, मग बर्फाचं पाणी, मग पुन्हा कोला. अर्धी भाकरी ताटात राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तिखट झालं काय ओ?" असं तिनं विचारलं. त्यांनी हसून "नाही, नाही" म्हटलं. त्या दोघांनी रश्श्याची वाटी पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माझा हात गेला रे आता." हे वाक्य मला अजून टोचतं, कारण तिच्या हाताला काहीही झालं नव्हतं. उरलेला रस्सा मी गरम करून खाल्ला. नेहमीचाच होता, तिखट पण गोलाईचा. मग त्याच रश्श्यावर उरलेली वाईन घेतली, आणि काय बिघडलं होतं ते जिभेला कळलं.

मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरचं भाजल्याची जाणीव देणारं केंद्र जागं करतं. ते केंद्र शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एरवी ते साधारण ४२ अंशांना जागं होतं. मद्यार्क लागला की तो उंबरा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्याही खाली. कढत रस्सा आणि वर वाईन, म्हणजे भाजलेल्या जागेवर पुन्हा चटका. लाल वाईनमधला तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि पिपाच्या लाकडातून येतो. तो लाळेचा बुळबुळीतपणा काढून घेतो, तोंड कोरडं पडतं आणि तिखट आणखी बोचतं. कमी मसाल्याच्या, चरबीदार भाजलेल्या मटणावर हीच वाईन छान लागते. आमच्या चटणीपुढं तिनं जेवणच उधळलं.

कोल्याचं दुखणं वेगळं. त्यातले बुडबुडे जिभेवर आम्ल होऊन टोचतात. बिअरमध्ये तेही आहेत आणि वर मद्यार्क. शिवाय दोन ग्लासांत पोट भरतं, भाकरीला जागा उरत नाही. बर्फाचं पाणी घोटभर बरं वाटतं, पण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ते तेलात विरघळतं, म्हणून तर सगळा जोर वरच्या कटात असतो. त्याला उतरवायला स्निग्ध काहीतरी हवं, नाहीतर दुधातलं केसिन, जे त्याला धरून जिभेवरून सोडवून नेतं.

हे समजल्यावर मला आमच्याच पंगतीचा क्रम नव्यानं दिसला. तांबड्याशेजारी पांढऱ्याची वाटी असते, ती उगीच नाही. पांढरा रस्सा हे आमचं पेयच आहे. तो भातावर ओतून संपवू नका, वाटी तोंडाला लावून मधे मधे प्या. पाहुण्यांना हे सांगावं लागतं. त्या रात्री मी ते सांगितलं नाही आणि वाटी बशीखाली झाकलेली राहिली.

दुसरी जागा सोलकढीची. ती कोकणातून घाट चढून आली, पण आता आमच्या खानावळींतही रुळली आहे. एका नारळाला दहा-बारा आमसुलं घेतो. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हातानं पिळायची. नारळाचं पहिलं घट्ट दूध वेगळं ठेवायचं. लसणीच्या दोन पाकळ्या, मीठ, कोथिंबीर. हिरवी मिरची तांबड्याच्या दिवशी मी घालतच नाही. दूध आणि आमसुलाचं पाणी पानं मांडताना एकत्र करायचं, कारण आधी करून ठेवलं तर आंबटपणानं दूध फाटतं. सोलकढी गॅसवर कधीही चढवू नका. आमसूल काळसर, लवचीक बघून घ्या. पिळल्यावर पाणी गर्द लाल झालं नाही, तर ते जुनं आहे.

नारळ मिळाला नाही तर पातळ ताक, जिरेपूड घालून. मटणावर ताक नको, असं आईचं म्हणणं होतं. आपण मटणाला दही लावून मुरवतोच की, असं मी म्हटलं, तेव्हा तिनं वाटीभर मान्य केलं.

मद्य ठेवायचंच असेल तर ते जेवणाच्या आधी, सुक्याबरोबर ठेवा. सुक्यात तिखट मांसाला धरून असतं, रश्श्यासारखं तोंडभर पसरत नाही. नाशिककडचीच शेनिन ब्लाँ, किंचित गोडसर बघून आणि चांगली थंड करून द्या. ती गोडी तिखटाला सावरते. व्हिस्की आपल्याकडं ४२.८ टक्क्यांची असते, म्हणून छोटा पेग आणि भरपूर पाणी. पानं मांडली की ग्लास उचलून न्यायचे. हे यजमानानं ठरवावं, पाहुण्यावर सोडू नये. रश्श्याच्या पानावर मी आता मद्य येऊ देत नाही.

कुणाला काय चालतं, हे आधी फोन करून विचारायलाही मी लाजलो होतो. व्याह्यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत हे मला नंतर कळलं. तसल्या काही गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. गाडी कोण चालवणार, हेही त्या फोनवरच विचारा. चालवणाऱ्याला काहीच देऊ नका. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क म्हणजे गुन्हा आहे, आणि घोट मोजत बसण्याची ती जागा नव्हे. आणि कोला तर मी बायकांना न विचारताच ठरवून टाकला होता, त्याची मला मनापासून लाज वाटते. जे पुरुषांसमोर ठेवाल ते सगळ्यांसमोर ठेवा. मद्य न घेणाऱ्यांचा पेला तितक्याच निगुतीनं भरा.

यंदा दसऱ्यानंतर व्याही मंडळी पुन्हा आली. आईनं तोच रस्सा केला, चटणी चिमूटभरही कमी नाही. सोलकढी मी केली. विहीणबाईंनी पांढऱ्याच्या दोन वाट्या प्यायल्या आणि मग तांबडा पुन्हा मागितला. मी पळी घेऊन पातेल्याशी गेलो. आई पाटावरून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "वरचा कट घाल त्यांना, तळाचा नको."