लपवलेले दुखणे



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली एक स्त्री आपल्याला भेटते. ती गर्दीतून, मागून, कोणाला कळू न देता येते. आजार शरीराचा, पण ओझे लाजेचे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयी विचार करताना ती हमखास आठवते.

१) उस्मानाबादचा धडा

१९९९ साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले गेले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले, हा नैतिक प्रश्न पुढे विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. आज मात्र उत्तर हाती असताना आपणच तपासणी टाळली, तर तो प्रश्न आपल्याला लागू होतो.

२) रुग्णाची वाट

हा रोग सुरुवातीला दुखत नाही. म्हणूनच तो फसवतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. ‘वयामुळे होत असेल’ असे म्हणून सोडू नये.

तपासणीला काही मिनिटे लागतात. शंका आल्यास लहानसा तुकडा काढून तपासतात. कर्करोगाआधीची अवस्था असेल, तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकून बहुधा काम भागते. कर्करोग असूनही लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचारांनी बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. किरणोपचारांसाठी मात्र काही आठवडे रोज जावे लागते. थकवा येतो, पोट बिघडते. त्या दिवसांत घरची चूल कोण सांभाळणार, सोबत कोण जाणार, या प्रश्नांवर उपचार पुरे होणे अवलंबून असते.

३) आपण काय करावे?

तिशी ओलांडलेल्या बहिणींनी त्रास नसला तरी तपासणी करून घ्यावी व जिल्हा रुग्णालयात किंवा आरोग्यसेविकेकडे चौकशी करावी. ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीबद्दल पालकांनी डॉक्टरांना विचारावे. पुण्याच्या सीरम संस्थेने अशी लस २०२३ साली बाजारात आणली. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी. आणि पुरुषांनो, हा विषय ‘बायकांचा’ नाही. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो अत्यंत सर्वसाधारण आहे. त्यावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे अज्ञान आहे आणि अन्यायही.

येशूने त्या स्त्रीला दोष दिला नाही. ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि लपलेले दुखणे सर्वांसमोर सन्मानाने बोलले गेले.

चिंतनासाठी : आपल्या घरातील स्त्री असे दुखणे आपल्याला मोकळेपणाने सांगू शकेल का? नसेल, तर कशामुळे?