गॅलरीतला दुर्गाडी

प्रश्न : आम्ही विठ्ठलवाडीला चौथ्या मजल्यावर राहतो. आठ वर्षांच्या मुलानं दिवाळीत किल्ला करायचा हट्ट धरलाय. अंगण नाही, मातीही नाही. काय करावं?

उत्तर : ताई, हट्ट जरूर पुरवा. गॅलरीच्या कोपऱ्यात जाड प्लॅस्टिक अंथरा, म्हणजे पाणी खाली झिरपणार नाही. विटा रचून त्यांवर ओलं गोणपाट टाका आणि नर्सरीतल्या लाल मातीचा चिखल थापा. थापू दे त्यालाच; बुरूज वाकडा झाला तरी सरळ करायला जाऊ नका. भिजवलेले अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा आणि रोज पाणी शिंपडा. ओतू नका, माती वाहून जाते.

किल्ला कुठला? रायगड बहुतेक जण करतात. तुम्ही कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी करा. आधी एका रविवारी त्याला तिथे घेऊन जा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. म्हणून टेकडीखाली निळा कागद हवा, माथ्यावर दुर्गादेवीचं देऊळ. मावळे बाजारातून आणा, पण गलबतं मात्र बापलेकांनी घरीच करावीत.