जामखेडचा धडा आणि ऊसतोड स्त्रीचे आरोग्य

आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत, जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांनीच तेथे बाळंतपण व बालआरोग्याची धुरा वाहिली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या कार्याची नोंद झाली. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने लोकसहभागी प्राथमिक आरोग्यसेवेचे तत्त्व जगापुढे ठेवले.

परंतु २०१९ साली शासकीय समितीस बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला की दंड, फडावर ना शौचालय ना विश्रांती. अशा स्थितीत दुखणे अंगावर काढले जाते आणि अखेर शस्त्रक्रिया हाच उपाय वाटू लागतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाचे समर्थन केले. कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा भार तिच्या एकटीवर नसावा, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच आम्ही आरोग्याकडे दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून पाहतो. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील भगिनींना शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयात दुसरा सल्ला घेण्यास सोबत न्यावे. शिक्षणाचे ऋण असेही फेडता येते.