उलटसुलट चालणारा वाहक पट्टा सरळ कसा ठेवावा?

चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कारखान्याचे ‘सुफला’ आपल्या परिचयाचे आहे. दाणेदार खताच्या कारखान्यात माल पट्ट्यांवरूनही फिरतो. आपल्या सोसायटीच्या गोदामात किंवा कांदा प्रतवारीसाठी असा पट्टा घेतला असेल आणि तो दोन्ही दिशांना चालवायचा असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

पट्टा रुळाच्या ज्या टोकाला आधी टेकतो, त्या टोकाकडे सरकतो. म्हणून एकाच दिशेने चालणाऱ्या पट्ट्यात रूळ किंचित तिरका करून काम भागते. मात्र पट्टा उलटा फिरविताच तोच रूळ त्याला विरुद्ध बाजूस ढकलतो. कडा सांगाड्याला घासून फाटतात, माल सांडतो. तेव्हा येथे ही युक्ती करूच नये. मध्यरेषेवर दोरी ताणून सर्व रूळ गुण्याने काटकोनात बसवावेत. दोन्ही टोकांचे ड्रम समांतर, पट्ट्याचा जोड काटकोनात असावा आणि माल मधोमध पडावा.

पुष्कळदा दोष एवढाच असतो, की दमट खत किंवा माती ड्रमला एका बाजूस चिकटलेली असते. ती खरवडावी, पण मुख्य स्विच बंद करूनच. चालत्या पट्ट्याजवळ सैल बाही, पदर वा उपरणे नको. दुरुस्तीनंतर पट्टा दोन्ही दिशांना, आधी रिकामा व मग माल टाकून, चार-पाच फेरे चालवून पाहावा.