तळ्याकाठचे हिरवे गवत आणि लिव्हर फ्लूक

पावसाळा सरला की माळ वाळतात आणि तळ्या-ओढ्यांच्या काठीच तेवढे हिरवे गवत उरते. साहजिकच गुरे तिकडे ओढ घेतात. पण लिव्हर फ्लूक म्हणजेच यकृतातील पर्णकृमीची लागण होते ती नेमकी तेथेच.

पानासारखा चपटा असलेला हा कृमी जनावराच्या पित्तनलिकेत राहतो. त्याची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. पाण्यात अंडी फुटून निघालेली पिले गोगलगायीच्या शरीरात शिरतात, तेथे त्यांची संख्या वाढते आणि बाहेर पडून ती काठच्या गवताला कोष करून चिकटतात. असे गवत खाल्लेल्या जनावराच्या आतड्यातून पिले यकृतात घुसतात आणि ते पोखरतात.

लक्षणे : जनावर खाऊनही खंगते, दूध घटते, केस राठ होतात, पापण्या आतून पांढुरक्या दिसतात. कधी पातळ शेण होते. जबड्याखाली पाणी साठून मऊ सूज येते. शेळ्या-मेंढ्या तर एकाएकी दगावू शकतात.

तपासणी : शेण तपासून अंडी दिसतात. मात्र कृमी पूर्ण वाढण्यास सुमारे ३ ते ४ महिने लागतात. तोपर्यंत शेणात अंडी नसतात. म्हणून एक तपासणी निर्दोष आली तरी निर्धास्त राहू नये.

उपचार : 'जंताचे औषध पाजले आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. जंतांवरील कित्येक औषधांचा या कृमीवर परिणाम होत नाही. काही औषधे फक्त वाढलेल्या कृमीवर, तर काही पिलांवरही चालतात. औषध व मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी. औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही विचारून घ्यावे.

प्रतिबंध : औषध देऊन जनावर पुन्हा त्याच काठावर सोडले तर खर्च वाया जातो. दलदलीत चराई टाळावी. पाणी हौदात पाजावे. काठचे गवत कापून कडक उन्हात पूर्ण वाळवूनच घालावे. शेण खड्ड्यात चांगले कुजवावे. त्या उष्णतेने अंडी मरतात.

बाधित जनावराच्या दुधातून हा कृमी माणसाला होत नाही. तथापि, अशा पाण्यात वाढलेली भाजी कच्ची खाऊ नये आणि ते पाणी न उकळता पिऊ नये.